मॅक विरुद्ध पीसी : जाहिरातींनी लोकांचं मत खरंच बदललं का?

बदललं, पण संगणकाबद्दल कमी आणि तो वापरणाऱ्याबद्दल जास्त. अमेरिकेत २००६ ते २००९ दरम्यान ॲपलच्या मॅक संगणकाच्या 'गेट अ मॅक' जाहिराती चालल्या. अभिनेता जस्टिन लाँग म्हणजे जीन्समधला निवांत मॅक, जॉन हॉजमन सूटबूटातला गोंधळलेला पीसी, म्हणजे विंडोजवर चालणारा संगणक. (हाच लाँग २०२१ मध्ये चिप बनवणाऱ्या इंटेलच्या जाहिरातीत मॅकची उणीदुणी काढत होता, ते सोडा!) रॅम-प्रोसेसरचे आकडे जवळपास नाहीतच. विंडोज व्हिस्टा ही पीसी चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली पदोपदी परवानगी मागून आधीच वैताग देत होती, म्हणून टोमणे वर्मी बसले. मायक्रोसॉफ्टने २००९ च्या 'लॅपटॉप हंटर्स'मध्ये मॅकच्या किमतीवर बोट ठेवलं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. विक्रीचं म्हणाल तर तेव्हाही जगातले दहातले साधारण नऊ संगणक विंडोजवरच चालत होते.