शेजारची जागा

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव नोंदवलंस, पैसे भरलेस, लॅबमधून सुट्टी जुळवलीस, आणि कनोबल्स पार्कमधला कोस्टरप्रेमींचा मेळावा आठ दिवसांवर आल्यावर विचारतेस, "मावशी, एकटी जाऊ का? की राहू दे?" रूममेटला रोलर कोस्टरचं नाव काढलं तरी मळमळतं, लॅबमधली मुलं म्हणतात की हे शाळकरी पोरांचे उद्योग, आणि आईला अजून सांगितलेलंच नाही. जा. आईला मात्र निघायच्या आधी सांग, परत आल्यावर नको.

तुला सगळ्यात मोठी धास्ती आहे ती कोस्टरच्या गाडीत बसायच्या वेळची. सगळे जोडीजोडीने आलेले असणार आणि आपल्या शेजारची जागा रिकामी राहणार, सगळे बघणार, असं तू लिहिलंयस. ही धास्ती मला चांगली ओळखीची आहे. म्हणून तुला इथल्या केनीवुड पार्कची गोष्ट सांगते.

मी पिट्सबर्गला आले तेव्हा इथे माझं कोणी नव्हतं. गणपती आणि दिवाळीला मराठी माणसं भेटायची, मायेने जेवायला वाढायची, पण कोस्टरचं वेड घेऊन कोणाकडे जाणार? जून महिन्यात एका मंगळवारी मी एकटीच केनीवुडला गेले. तिथे थंडरबोल्ट नावाचा लाकडी कोस्टर आहे. कोस्टर बांधण्यात नामांकित असलेल्या जॉन मिलरने तो 1924 साली 'पिपिन' या नावाने बांधला आणि पुढे 1968 साली अँडी व्हेटेलने तो वाढवून त्याचं थंडरबोल्ट केलं. स्टेशनातून सुटल्याबरोबर गाडी थेट दरीत कोसळते, साखळीची चढण मागाहून येते. पाऊण तास रांगेत उभी राहून पुढे पोचले, तर तिथल्या मुलाने विचारलं, किती जण? मी एक बोट वर केलं. त्याने पाटीकडे हात दाखवला. एकट्याला बसता येणार नाही, दोघं हवेत.

त्यामागे कारण होतं. वरच्या गोल वळणांवर गाडी बसणाऱ्याला इतक्या जोराने बाजूला फेकते की जागा दोघांनी भरलेली बरी. पण त्या क्षणी मला कारण सुचत नव्हतं. मी बाजूला झाले, मागचे लोक पुढे सरकले, आणि आता उलटं चालत बाहेर जावं की काय असं वाटत असताना मागून एक हात वर आला. साठीच्या आसपासची बाई, जीनचं जाकीट, त्यावर वेगवेगळ्या पार्कांचे पंचवीस-तीस बिल्ले. ती म्हणाली, "मीही एकटीच आहे. चल. फक्त बाहेरच्या बाजूला मी बसते, नाहीतर वळणावर माझ्याखाली तुझा चेंदा होईल."

नाव सांगायच्या आधी तिने मला हे सांगितलं. वळणावर आम्ही दोघी एकमेकींवर आदळलो आणि खाली उतरलो तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तिने मला जॅक रॅबिट नावाच्या तिथल्याच दुसऱ्या कोस्टरच्या अगदी शेवटच्या डब्यात बसवलं. हा 1920 सालचा. त्याच्या दुहेरी उताराला शेवटच्या रांगेतली माणसं जागेवरून पार उचलली जातात. रेसर नावाच्या तिसऱ्या कोस्टरवर नेऊन तिने विचारलं, "आपण डावीकडून सुटलो, मग उजवीकडे कसे आलो?" मी चक्रावले. दोन रूळ, दोन गाड्यांची शर्यत, असं दिसतं खरं, पण तो सगळा मिळून एकच सलग रूळ आहे. गणितात मोबियसची पट्टी, एक पीळ देऊन टोकं जोडलेली, शिकलो होतो, त्यावर बसून आलो हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. त्या एका दिवसाने मला पुढची पंधरा वर्षं पुरेल इतकी सोबत दिली.

म्हणून सांगते, शेजारची जागा रिकामी असणं ही तुझी अडचण समजू नकोस. जोडीने आलेल्यांच्या शेजारी कोणी येऊन बसू शकत नाही. तुझ्या शेजारी येऊ शकतं. फक्त तू तोंड उघडायला हवं. "कोणी एकटं आहे का?" एवढंच मोठ्याने विचारायचं. मेळाव्यात या प्रश्नाला उत्तर आलं नाही असं मी एकदाही पाहिलेलं नाही, कारण निम्मे लोक तुझ्यासारखेच आलेले असतात. त्यांच्याही घरी कोणाला यातलं काही कळत नाही.

आता तिथल्या गोष्टी. पार्कचं नाव उच्चारताना सुरुवातीचा 'क' गिळू नकोस. कनोबल्स म्हणायचं. नवखे लोक नोबल्स म्हणतात. प्रवेश आणि पार्किंग फुकट, झाडीत लपलेलं, 1926 पासूनचं हे पार्क बघितलंस की आपल्याकडच्या जत्रेची आठवण येईल. कुंपण घालून पैसे उकळणारी जागा नाही ती. तिथे जाऊन आधी फिनिक्ससमोर दोन मिनिटं उभी राहा. तो कोस्टर तिथला नव्हेच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये तो 'रॉकेट' नावाने चालायचा. 1980 साली ते पार्क बंद पडलं आणि कोस्टर तसाच उभा राहिला. कनोबल्सच्या लोकांनी तो विकत घेतला, मूळ नकाशे नव्हते म्हणून एकेका फळीवर नंबर घातले, सगळा उतरवला, पेनसिल्व्हेनियात आणला आणि 1985 साली पुन्हा उभा केला. म्हणून नाव फिनिक्स, राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचं. उंची जेमतेम 78 फूट. आजच्या पोलादी राक्षसांपुढे हे काहीच नाही, तरी जाणकार लोक लाकडी कोस्टरमध्ये त्याला अगदी वरचं स्थान देतात. का, ते बसलीस की कळेल.

गाडी सुटते ती आधी एका लांब काळोख्या बोगद्यात शिरते. काही दिसत नाही, नुसता चाकांचा खडखडाट. मग चढण. पुढे एकामागून एक टेकड्या, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर तू जागेवरून उठतेस. मांडीवर येणारा दांडा दोघांत एकच असतो आणि तो अंगाला घट्ट आवळून बसत नाही, म्हणून हे उठणं मोकळं असतं. याला ही मंडळी 'एअरटाइम' म्हणतात आणि सगळी बोलणी तिथेच येऊन थांबतात. आणखी एक. पहिली फेरी सकाळी मार, शेवटची रात्री. दिवसभर धावून चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस तापून पातळ होतं, घर्षण कमी होतं आणि तीच गाडी रात्री बेभान पळते. सकाळी मवाळ वाटलेल्या कोस्टरबद्दल लगेच मत बनवू नकोस.

मोठ्या फिरत्या घोड्यांकडे लहान मुलांचं म्हणून पाठ फिरवशील, तर फिरवू नकोस. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बस. दर फेरीला एका दांड्यातून लोखंडी कडी ओढून काढायची असते. कोणाच्या तरी हाताला पितळेची लागते आणि त्याला एक फेरी फुकट मिळते. ही पद्धत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. मी साठीला टेकले तरी अजून हात लांब करते.

आकड्यांचं तू विचारलंस. तिथे माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, तुझे क्रेडिट किती? म्हणजे आतापर्यंत किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलीस. कोणी पाचशे सांगेल, कोणी आठशे. तुझे अकरा. सरळ अकरा सांग. आकडा फुगवू नकोस, आणि 'फक्त अकरा' असंही म्हणू नकोस. त्यातला एक खोपोलीचा नायट्रो आहे हे पुढे जोड, आणि मग बघ. बोलिगर आणि माबिलार्ड या स्विस कंपनीचं नाव त्या लोकांना आपल्या काका-मामांच्या नावासारखं पाठ असतं. त्यांनी बनवलेला, पायाखाली तळ नसलेला कोस्टर मुंबई-पुण्याच्या मधे 2013 पासून उभा आहे आणि तू त्यावर बसलीस, हे ऐकल्यावर आठशेवाला माणूस तुला प्रश्न विचारायला लागेल. घाटातल्या पावसाचं सांग. तुझी आई लहानपणी मार्वेहून बोटीत बसून एस्सेलवर्ल्डला गेली होती तेही सांग. आपल्यापाशी सांगण्यासारखं काही नाही असं तुला वाटतं ना, ते खरं नाही.

बोलायला कुठून सुरुवात करावी हे कळलं नाही तर "कुठल्या रांगेत बसता?" एवढं विचार. पुढची की शेवटची या वादावर ही माणसं अख्खी दुपार काढतात. बिल्ल्यांबद्दल विचार, टी-शर्टवरच्या पार्काबद्दल विचार. आणि ऐकून घे. एखाद्याने साल चुकीचं सांगितलं तर चारचौघांत दुरुस्त करू नकोस, मग तू कितीही वाचलेलं असो. काही काही जाणकार नेहमीच्या गिऱ्हाइकांना, मुलंबाळं घेऊन आलेल्या कुटुंबांना जरा हिणवून बोलतात. त्यात सामील होऊ नकोस. त्या कुटुंबांच्या तिकिटांवरच ही लाकडं उभी आहेत.

सुतारांशी बोलायची संधी मिळाली तर इतर सगळं सोड. लाकडी कोस्टर दररोज उघडण्याआधी माणसं रूळावरून चालत जाऊन तपासतात, सैल बोल्ट आवळतात, हिवाळ्यात खराब फळ्या बदलतात. तू मटेरियल्समध्ये संशोधन करतेस. पुस्तकातलं लाकूड दमटपणाने कसं फुगतं ते तुला माहीत आहे, त्या माणसाला ते तळहाताने कळतं.

हे सगळं फावल्या वेळचे चाळे आहेत असं लॅबमधली मुलं म्हणतात, त्यावर तुला एकच सांगते. तुझ्या स्टेट कॉलेजपासून अल्टूना गाव किती लांब? तासाभराचा रस्ता. तिथे लीप-द-डिप्स नावाचा 1902 सालचा कोस्टर आहे, जगात उभा असलेल्यांतला सगळ्यात जुना. 1985 साली तो बंद पडला. तो पाडला गेला नाही, कारण त्याच्यावर जीव असलेल्या लोकांनी मागे लागून, पैसे जमवून तो दुरुस्त करवला आणि 1999 साली पुन्हा चालवला. अमेरिकेतली कोस्टरप्रेमींची सगळ्यात मोठी संघटना 1978 साली सुरू झाली ती अशाच मूठभर वेड्यांमुळे. तू ज्या घोळक्यात शिरायला घाबरतेस त्या घोळक्याने हे केलेलं आहे. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे, आणि तुझ्या वयाची माणसं त्यांच्यात आली नाहीत तर पुढे हे कोण सांभाळणार याची काळजीही आहे.

जपायच्या गोष्टी पटकन सांगते. स्टेट कॉलेजहून दीड तासाचा रस्ता आहे, तरी रात्री परत निघू नकोस. ऑक्टोबरात त्या रस्त्यांवर अंधार पडला की हरणं आडवी येतात. डॅनव्हिलला खोली घे. गाडीचा ठावठिकाणा रूममेटच्या फोनवर चालू ठेव. नवी ओळख झालेल्या कोणाच्या गाडीतून, मग तो कितीही सज्जन वाटो, पहिल्या दिवशी जायचं नाही. जेवायचं ते पार्कातच, सगळ्यांसोबत. कोणाचं वागणं खटकलं तर कारण न देता उठ आणि दुसऱ्या घोळक्यात जा. तिथे घोळके पुष्कळ असतात. राइडवर फोन काढू नकोस, खिशाला चेन असलेलं जाकीट घाल. रात्री थंडी कडाक्याची असते, हातमोजे ने, दांडा गार पडतो. खायला पिएरोगी मिळतील, आपल्या करंजीसारख्या, आत बटाटा. कशात तळलेत तेवढं विचारून घे.

आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास एक वेळ येईल. सगळे आपापल्या ओळखीच्यांत रमलेत आणि मी इथे काय करते आहे, असं वाटेल. मला दर वेळी वाटतं, इतक्या वर्षांनीही. तेव्हा पार्किंगमधल्या आपल्या गाडीकडे जाऊ नकोस. एकदा पहिल्याच मेळाव्यात मी तशी गाडीत जाऊन बसले, तासभर बसले, आणि अंधार पडताना घरी निघून आले. रात्रीच्या ज्या फेऱ्यांसाठी गेले होते त्या सुटल्या. तू तेव्हा एक कॉफी घे, फिनिक्सच्या वळणापाशी कठड्याला टेकून उभी राहा आणि पाच गाड्या जाऊ दे. वरून ओरडत जाणारी तोंडं बघ. मग पुन्हा रांगेत जा.

घरी आलीस की फोन कर. रात्रीच्या शेवटच्या फेरीला शेजारी कोण होतं ते आधी सांग, फेरी कशी झाली ते मागाहून.

तुझी,
मावशी