सोलापुरात जिओ आणि एअरटेल दोन्ही सिमसाठी ५जी फोन घेताना काय बघावं?

कॅमेऱ्याआधी फोनमध्ये एसए आणि एनएसए हे ५जी जोडणीचे दोन्ही प्रकार आहेत का ते बघा. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, म्हणजे एसए. एअरटेलने मात्र ४जीच्या आधारावर चालणारं एनएसए उभारलं. रेडमी ए४ ५जी फक्त एसए चालवतो, त्यामुळे एनएसएच्या भागात एअरटेलचं सिम टाकलं की ४जीच मिळणार. नवी पेठेतला दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची बँडची, म्हणजे फोन पकडतो त्या फ्रिक्वेन्सींची, यादी उघडा. एन७८ हा ५जीचा मुख्य बँड बहुतेकांत असतो. मी एन२८ सुद्धा आवर्जून बघायला सांगेन. जिओचा हा ७०० मेगाहर्ट्झचा बँड भिंतींआड चांगला पोचतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेडमध्ये कामाला असाल तर तो हवाच. आईवडिलांसाठी जुना २जी बटणफोन ठेवताय? त्यात जिओ चालत नाही.