कोडं अडलं की आधी सुरांची अक्षरं बघ

अरे, आपल्या ग्रुपमधल्या संगीताच्या कोड्यांत पहिल्याच कोड्याला लगेच सर्च मारू नकोस, मजाच जाते. वेस्टर्न क्लासिकलच्या कोड्यांमध्ये कुठे ए ते एचमधली अक्षरं विचित्रपणे आली ना, की पहिला संशय सुरांचा घ्यायचा, कारण जर्मन पद्धतीत बी म्हणजे बी फ्लॅट (बीपेक्षा अर्धा सूर खाली) आणि एच म्हणजे साधा बी, म्हणून तर संगीतकार बाखचं (BACH) अख्खं आडनाव वाजवता येतं. रशियन संगीतकार शोस्ताकोविचनेही डी, ई फ्लॅट, सी, बी अशी स्वतःची सही 1953 च्या दहाव्या सिम्फनीत घातलीये, कारण तिकडे ई फ्लॅटला 'एस' म्हणतात, म्हणजे ते सूर डी-एस-सी-एच होतात, त्याच्या जर्मन स्पेलिंगमधल्या नावाची (D. Schostakowitsch) सुरुवातीची अक्षरं. हे मला कळायला दोन वर्षं लागली, हसू नकोस.

नंबरांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. संगीतकार ड्वोरझाकची नववी सिम्फनी आधी पाचवी म्हणून छापली होती, कोडं बनवणारे तिथेच फसवतात. रचनेच्या नावापुढे नुसता 'के' आणि आकडा (रचनांच्या यादीतला नंबर) दिसला तर बहुतेक मोझार्ट, पण स्कार्लाटी या संगीतकाराच्या रचनांनाही 'के' किंवा 'केके' लावतात.

आणि अर्धवट सुचलं तरी ग्रुपमध्ये बोलून टाक, चुकलं तर चुकलं, तुझ्या चुकीच्या उत्तरावरूनच पियानो वाजवणाऱ्या कुणाला तरी बरोबर सुचतं. फक्त उत्तर कळलं तर लगेच ओरडू नकोस, बाकीच्यांना थोडं झुंजू दे की.