आठ पट वेग, पण शिखराचं काय?

प्रिय,

सप्रेम नमस्कार. महाधमनीचा फोर-डी फ्लो एमआरआय (रक्ताचा वेग तिन्ही दिशांत, क्षणाक्षणाला मोजणारा स्कॅन) आठ पट वेगाने, म्हणजे आठवा हिस्साच मोजमापं करून घेतला आणि चित्रं सुरेख आली, असं तू कळवलंस. छानच. पण मला चित्रं नकोत, आलेख हवा: हृदयाच्या एका ठोक्यात रक्ताचा वेग कसा चढला आणि कसा उतरला.

घाई कशासाठी, ते पटतं. तीन दिशांचा वेग काढायचा तर मोजमापाची प्रत्येक ओळ चारदा मोजावी लागते, तीही ठोक्याठोक्याला तुकड्यातुकड्याने आणि श्वासाची वेळ साधून. धाप लागणाऱ्या रुग्णाला पंधरा-वीस मिनिटं उताणं झोपवणं म्हणजे शिक्षाच. म्हणून १९९९ मध्ये सेन्स ही पद्धत आली, अनेक कॉइल्सच्या (संकेत टिपणाऱ्या अँटेनांच्या) वेगवेगळ्या नजरेचा फायदा घेणारी. २००७ मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी एमआरआयसाठी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग मांडलं: मोजमापं विखरून गाळायची आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं.

गोम या भरून काढण्यातच आहे. गणिताला गुळगुळीत बदल आवडतो, आणि सिस्टोलमधलं, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचं, वेगाचं शिखर असतं क्षणभराचं, टोकदार. रंध्यासारखं गणित तेच तासून टाकतं. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक आपण वेगाच्या वर्गाची चौपट करून काढतो. खरा वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर ६४ मिमी पारा, तासून ३.५ झाला तर ४९. महाधमनीच्या झडपेचं आकुंचन तीव्र म्हणायची रेषा ४ मीटरलाच आहे, तेव्हा हा फरक निदानच बदलतो.

शंट (हृदयाच्या दोन बाजूंमधली रक्ताची आडवाट) नसेल तर महाधमनी आणि फुप्फुसधमनीतला प्रवाह जवळपास सारखा यायला हवा, ही तपासणी तू केलीस. चांगली आहे, पण पुरेशी नाही. शिखर तासलं गेलं तरी त्याच्या दोन्ही अंगांना आलेख फुगतो आणि बेरीज जुळते!

आणखी एक. पूर्ण स्कॅनमधून नंतर ओळी गाळून केलेली चाचणी मी अर्धीच धरतो (परीक्षकही धरतील). त्यात ठोके तेच, श्वास तोच, ग्रेडियंटच्या (स्कॅनरच्या बदलत्या चुंबकक्षेत्राच्या) उड्यांनी येणारे, वेग चुकवणारे एडी करंटही जुन्याच क्रमाचे. खरोखर कमी मोजून घेतलेला स्कॅन हवा, त्याच व्यक्तीचा, पूर्ण स्कॅनला लागून. वेंक (स्कॅनला मोजता येणाऱ्या वेगाची ठरवलेली मर्यादा) दोन्हींत एकच ठेव.

दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून पाठव. आठ पटीत शिखर टिकत नसेल तर चार पट घे, मला चालेल.

तुझा,
सर