भीमगडात धनेश कसा शोधावा?

प्रश्न : नोव्हेंबरात मुलीला घेऊन भीमगड अभयारण्यात (बेळगाव जिल्हा) पक्षी, विशेषतः धनेश (मोठ्या चोचीचा हॉर्नबिल) बघायला जायचं आहे. दुर्बीण १० बाय ५० ची घेऊ का? वाटाड्या लागतो का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : १० बाय ५० नको. हात जरा हलला की चित्रही दसपट हलतं, शिवाय गळ्यात वजन. दाट झाडीत ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी. पक्षी आधी उघड्या डोळ्यांनी धरा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा. बहुतेकजण खाली बघून दुर्बीण शोधतात आणि तेवढ्यात फांदी हरवते.

धनेश दिसण्याआधी ऐकू येतो. महाधनेशाच्या पंखांचा ‘हूश् हूश्’ आवाज वाफेच्या इंजिनासारखा. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसतं, आवाज कर्कश हसण्यासारखा. फळांनी लगडलेला वड-उंबर गाठा, सकाळी साडेसहा ते नऊ तिथंच थांबा. चालत राहिलात तर पानं तेवढी दिसतील. फेब्रुवारी ते मे मादी अंडी-पिलांसाठी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, नर तिला बाहेरून भरवतो. त्या झाडाखाली घुटमळलात तर नर चारा घेऊन फिरकत नाही.

वाटाड्या हवाच. वनखात्याची परवानगी आधी काढा. गवे आणि अस्वलं आहेत, एकट्यानं पायवाट धरू नका. इथल्या बारापेडेच्या गुहांचा नाद सोडा. तिथलं राऊटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी आढळतं, त्याला त्रास नको. ओलाव्यात जळवा अजून असतील, विजार मोज्यात खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा.