‘काय होतंय?’ ‘काही नाही.’

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत. दीड वर्षापासून त्याचं डोकं दुखतं, महिन्यातून तीन-चार वेळा. कपाळ दोन्ही हातांनी धरतो, उलटी होते, अंधारात पडून राहतो, झोप लागली की उतरतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नीट तपासून मायग्रेन सांगितलं, दुसरं काही नाही म्हणाले. मलाही अर्धशिशी आहे, लग्नाआधीपासून. पण मी गोळी घेते नि कामाला लागते, घरात कुणाला कळूही देत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. ह्याला कितीही खोदून विचारलं, ‘काय होतंय?’, तर ‘काही नाही’ एवढंच. शाळेतल्या बाई म्हणतात, समोरच्याचं याला काही कळत नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी नणंदेच्या मुलीचा हात निरांजनाने भाजला. पोरगी कळवळून रडत होती, आणि हा तिच्यासमोर बसून एकामागून एक जांभया देत होता. वर विचारतो, ‘गोड काही उरलंय का?’ नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, ‘याला काळीज आहे की नाही?’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं असं उठलं की शाळा बुडाली. सासूबाईंनी दृष्ट काढली. त्यांना तर तो डोकं दुखल्याचं सांगतच नाही. म्हणतो, ‘आजीला कळलं की ती जेवत नाही.’

मध्यंतरी मोबाईलवर वाचलं की मायग्रेनच्या मुलांना स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत, दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, तर नसेल? मिस्टर म्हणतात, लाड बंद करा, रोजची गोळी चालू करा, बाकीची थेरं नकोत.
— एक आई, कराड

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण बरीचशी उत्तरं तुम्हीच लिहून ठेवली आहेत, रेघ तेवढी मारायची राहिली होती.

पहिली रेघ मारली त्या जांभयांखाली. मायग्रेन डोकं दुखायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. त्याच्या आधी काही तास, कधी आदला अख्खा दिवस, मेंदूत त्याची तयारी चालू असते. मूल पांढरंफटक पडतं, चिडचिडं होतं किंवा एकदम मुकं होतं, जांभया देतं, मान अवघडते, आणि पुष्कळदा गोड मागतं. गौरीच्या दिवशी तुमच्या घरात दोन पोरांना त्रास होत होता. एकीचा दिसत होता. दुसऱ्याचा त्याला स्वतःलाही अजून कळला नव्हता. त्या घटकेला त्याने बहिणीच्या हातावर फुंकर घालावी, ही अपेक्षा ताप चढत असलेल्या माणसाकडून पाहुणचाराची करावी तशी झाली. नणंदेला हे समजावून सांगाच, आणि मुलाच्या देखत सांगा. ‘काळीज आहे की नाही’ हे वाक्य दहा वर्षांचं पोर विसरत नाही.

दुसरी रेघ आजीच्या जेवणाखाली. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे मुलांना कधीपासून कळतं, याची एक प्रसिद्ध चाचणी आहे. १९८५ साली लंडनच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ती वापरली. सॅली आणि अॅन अशा दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तेवढ्यात अॅन ती काढून खोक्यात ठेवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? ‘टोपलीत’ असं म्हणायला मुलाला सॅलीच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि साधारण चार वर्षांची मुलं ते करू शकतात. तुमचा मुलगा याच्या कितीतरी पुढे आहे. मला दुखतंय हे आजीला कळेल, कळलं की तिच्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून तिला कळू द्यायचं नाही. हे सगळं तो डोकं ठणकत असताना जुळवतो! ज्याला समोरच्याचं कळत नाही तो अशी लपवाछपवी करत नाही.

म्हणून पत्रावरून मला ऑटिझमची शंका येत नाही. मात्र पत्रावरून निदान करू नये, हेही खरं. एक गोष्ट स्वतः आठवून पाहा. डोकं दुखत नसतं त्या दिवसांत तो कसा असतो? आणि त्याच्याही कितीतरी आधी, दुखणं नव्हतं तेव्हा, बालवाडीत कसा होता? हाक मारल्यावर बघणं, बोट दाखवून वस्तू मागणं, खोटा खोटा चहा पाजणं, हे सगळं वेळच्या वेळी झालं असेल तर निर्धास्त राहा. लहानपणापासूनच काही खटकत आलं असेल, तर मुलांच्या विकासातल्या तज्ज्ञांना एकदा दाखवा. त्याचा मायग्रेनशी संबंध लावायची गरज नाही.

आता मोबाईलवरचं. वाचलंत ते अगदीच हवेतलं नाही. मनात काहीतरी होतंय पण त्याला नाव देता येत नाही, या अवस्थेला पीटर सिफ्निओस नावाच्या बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात ‘अॅलेक्सिथायमिया’ म्हटलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ साधारण ‘भावनेला शब्द नसणं’. डोकेदुखीच्या मुलांमध्ये हे अधिक दिसतं का, यावर अभ्यास झालेत, इटलीत तर बरेच. काहींत फरक सापडला. पण तो गटागटांच्या सरासरीतला फरक. तुमच्या पोराच्या कपाळावर मारायचा शिक्का नव्हे. शिवाय आधी काय नि नंतर काय, हेही त्यातून ठरत नाही. शब्द नसल्यामुळे डोकं दुखतं, की सारखं दुखणारं मूल आपल्या दुखण्यातच गुंतून पडतं? खेळ बुडतो, शाळा बुडते, मधल्या सुट्टीतली भांडणं नि समेट बुडतात. समोरच्याचं मन मुलं तिथेच तर शिकतात.

इटलीतल्या काही डॉक्टरांनी मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही भावनांबद्दलचे तेच प्रश्न विचारले, ही गोष्ट मला फार आवडली. कारण माझी तिसरी रेघ तुमच्याखालीच आहे. ‘घरात कुणाला कळूही देत नाही.’ कळू देत नाही असं तुम्हाला वाटतं हो. कणीक मळताना एक डोळा मिटून उभी राहिलेली आई त्याने शेकडो वेळा पाहिली असेल. कधीतरी विचारलंही असेल, ‘काय होतंय?’ आणि तुम्ही काय म्हणाला असाल ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. दोष देत नाही. आपल्याकडच्या बायकांचं हे घराणंच आहे.

मीही त्याच घराण्यातली. मिरजेत वाढले, नवव्या वर्षी माझी अर्धशिशी सुरू झाली. ‘उजेड टोचतोय’ हे मला सांगता यायचं नाही. मी म्हणायची, ‘दिवा मोठा झालाय.’ घरात सगळे हसायचे, नाटकी म्हणायचे. एकदा आईने उठून दिवा घालवला, नि अंधारात माझ्याशेजारी बसून म्हणाली, ‘माझाही होतो.’ पुढे मुलांसोबत काम करायला लागल्यावर कितीतरी शिबिरं केली, पण त्या दोन शब्दांएवढं कुठे शिकले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचं दुखेल तेव्हा त्याला सांगा. नेमकं सांगा. ठणकतंय, की ठसठसतंय, की नुसतं जड झालंय? कळ डोळ्यामागून येते की मानेतून? आणि नंतर मनाचंही सांगा. आपल्या भाषेत यासाठी केवढी श्रीमंती आहे! हिरमुसलो, खट्टू झालो, ओशाळलो, कानकोंडा झालो, धास्तावलो, हुरहुर लागली, चुटपुट लागली. आणि आपल्या घरांत उरलंय काय, तर ‘टेन्शन’ आणि ‘मूड ऑफ’. बहीण रडताना आपण गोड मागितलं याची त्याला आज चुटपुट लागलेली असेल. तो शब्दच त्याने ऐकला नसेल, तर सांगणार काय?

दुखत असताना मात्र काहीही विचारू नका. तेव्हा प्रश्न हाही आवाजच असतो. बरं असताना खुणा ठरवून ठेवा : एक बोट म्हणजे खोली अंधारी कर, दोन म्हणजे उलटीसाठी भांडं, मूठ म्हणजे एकट्याला राहू दे. दुसऱ्या दिवशी कागद नि खडू द्या, ‘कालचं डोकं काढ’ म्हणा. २००२ साली अमेरिकेत २२६ मुलांकडून डोकेदुखीची चित्रं काढून घेतली होती. हातोडे, डोळ्यांपुढचे ठिपके, अंथरुणात तोंड खुपसलेलं पोर. डॉक्टरांचं निदान माहीत नसलेल्यांनी नुसती चित्रं पाहून मायग्रेन कुणाचं ते सांगितलं, आणि बहुतेकदा ते बरोबर निघालं. माझ्याकडच्या एका मुलाने डोक्यात कुकर काढला होता, शिट्टीसकट. त्याच्या वडिलांचा आवाज त्या दिवसापासून जरा खाली आला.

वडिलांवरून आठवलं. मिस्टरांना सांगा, गोळी आणि बोलणं यांचं भांडण नाही. रोजची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस डोकं दुखणारी, १० ते १७ वर्षांची १३५ मुलं. गोळी सगळ्यांना एकच दिली. निम्म्यांना सोबत वेदनेशी, विचारांशी कसं वागायचं हे बोलून, सराव करून शिकवलं. बाकीच्यांना नुसती माहिती दिली. चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस माहितीवाल्यांचे सरासरी ६.८ ने घटले, शिकवलेल्यांचे ११.५ ने. त्या मुलांना ‘थेरां’नी चार आठवड्यांत दुखण्यातून निम्म्या आठवड्याहून जास्त जादा सुट्टी मिळवून दिली, असं हिशेबी माणसाला पटेलशा भाषेत सांगून बघा.

बाईंना एक चिठ्ठी द्या : जांभया, पांढरा चेहरा, गप्प बसणं दिसलं तर पाणी, काहीतरी खायला, आणि खिडकीपासून लांबची जागा. सकाळी उपाशी पाठवू नका, रविवारीही झोपेची वेळ फार हलवू नका. वेदनाशामक गोळी आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागायला लागली तर डॉक्टरांना कळवा, त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. अॅस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच नाही. आणि पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, तापात मान ताठणं किंवा एकाएकी कधी नव्हे असं भयंकर दुखणं, यातलं काही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

सासूबाईंची दृष्ट चालू द्या. अंधार, शांतता आणि डोक्यावर मायेचा हात, एवढं तर त्यात मिळतंच. फक्त त्यांना जेवायला लावा, म्हणजे नातू त्यांच्यापासून लपवणार नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला मायग्रेन आहे. माझी बेस्ट फ्रेंड म्हणते की मी परीक्षेच्या दिवशीच बरोबर डोकं दुखवून घेते. तिला कसं समजावू?
— एक मुलगी, चिपळूण

उत्तर : अगं, परीक्षेच्या दिवशीच जास्त दुखतं हे खरंच असेल! रात्री जागरण, सकाळी धास्तीने घास उतरत नाही, पाणी पीत नाहीस. या सगळ्याने मायग्रेन उठतंच. त्यात नाटक कुठे आलं? तुझ्या वयात मुलींचं पाळीच्या आसपासही उठतं, तेव्हा वहीत तारखा लिहून ठेव नि डॉक्टरांना दाखव.

मैत्रिणीला दुखत असताना समजवायला जाऊ नकोस, तेव्हा भांडणच होईल. चांगल्या दिवशी सांग, आणि तिला एक काम दे : ‘मी गप्प झाले, चेहरा उतरला की बाईंना तू सांग, मला तेव्हा बोलता येत नाही.’ तिला खोटं वाटतंय, कारण तिला फक्त तुझी रिकामी जागा दिसते. आधीचा चेहरा एकदा ओळखायला लागली की तुझ्याआधी तीच सांगेल. आणि परीक्षेच्या दिवशी दप्तरात बिस्किटांचा पुडा ठेव. पेपरच्या आधी दोन तू खा, दोन तिला दे.