देव न मानणारा वादक

प्रश्न : माझा एकवीस वर्षांचा मुलगा घरच्या आरतीलाही उभा राहत नाही; देवावर विश्वास नाही, असे तो स्पष्ट सांगतो. तरीही उत्सवाच्या दोन महिने आधीपासून तो रोज संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला हजर असतो. त्याची धाकटी बहीण मात्र मनापासून पूजा करते, आणि विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभी राहून लोकांना मूर्तिदानाची विनंती करते. नातेवाईक तिलाच धर्मबुडवी म्हणतात. मुलांच्या श्रद्धेचा आणि त्यांच्या उद्योगांचा मेळ कसा लावावा?
— एक पालक, पुणे

उत्तर : आधी विचार पटतो आणि मग माणूस त्याला साजेसे काम शोधतो, असा आपला समज दिसतो. विशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी सोबत मिळते, सोबतीतून काम अंगावर पडते, आणि आपण हे का करतो याचे उत्तर मुले त्यानंतर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, शोधतात.

मुलगा पथकात पहिल्यांदा कोणाबरोबर गेला, एवढे त्याला विचारून पाहावे. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारखी पुण्यातील पथके शाळांच्या आवारात वाढली, आणि शाळा सुटली तरी पथक न सुटलेले माजी विद्यार्थी अशा पथकांत असतात. नव्या मुलाची देवावर श्रद्धा आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. दोऱ्या आवळून ढोल ताणता येतो का, आणि बोटांना फोड आल्यावर पट्टी गुंडाळून तो दुसऱ्या दिवशी येतो का, हे पाहिले जाते. कमरेला ढोल बांधून चाळीस जणांच्या ठेक्यात आपले टिपरू बरोबर पडले, की ‘मी कोण’ या प्रश्नाला त्या वयापुरते उत्तर मिळते. (त्या आवाजाबद्दल माझी स्वतःची तक्रार आहे, पण ती इथे नको.) १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले, तेव्हाही मंडपात केवळ भक्त जमत नव्हते, मेळे आणि व्याख्याने ऐकायला येणारेही त्या गर्दीत होतेच.

मुलीचे काम मला तिच्या श्रद्धेला धरूनच वाटते. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, की शास्त्रार्थाने देवाला निरोप दिला गेला. त्यानंतर प्लास्टरची मूर्ती पाण्यात न विरघळता दुसऱ्या दिवशी काठाला भंगलेली दिसावी, हे श्रद्धाळू मुलीलाच अधिक टोचणार. मूर्तिदानाचा आग्रह धरणाऱ्यांत, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, आणि आपला विरोध देवाधर्माला नाही, हे ते सतत सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर त्यांची हत्या झाली, तो पूलही याच मुठेवर आहे. आपली दोन्ही मुले एकाच नदीच्या काठी उभी असतात, असे म्हणता येईल.

श्रद्धा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओळख निवडण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते. ज्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, तो नातू एरवी विहारात फिरकत नसेल. तरी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे रेंगाळतो आणि फुलांऐवजी वह्या-पेन आणा, असे येणाऱ्यांना सांगत फिरतो. तिथे न जाणे हा त्याच्यासाठी केवळ एका सुट्टीचा प्रश्न नसतो. आपल्या मुलाला ढोल उद्या सोडता येईल. त्या मुलाला आपली ओळख तशी उतरवून ठेवता येत नाही.

नातेवाइकांशी वाद घालण्यापेक्षा यंदा घरातच विसर्जन करावे. मूर्ती शाडूची असेल तर बादलीभर पाणी पुरते. प्लास्टरची असेल तर अमोनियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरावे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत पुढे आणली. एक-दोन दिवसांत तळाशी खडूसारखा साका उरतो आणि वरचे पाणी पातळ करून झाडांना घालता येते. बादली ढवळण्याचे काम मुलाला सांगावे. अनंत चतुर्दशीला तो मिरवणुकीत असेल, म्हणून आपला गणपती दीड किंवा पाच दिवसांचा असल्यास बरे. दोघेही घरी सापडतील.